रेघ बाहेर राहिली

मित्रांनो, मी एक जुना गेज आहे. गेज म्हणजे माप. बोटाएवढा पोलादी दांडा, मागे छोटी मूठ आणि पोटावर कोरलेली एक रेघ, एवढाच माझा थाट. दुनळी बंदुकीच्या नळीत मागच्या बाजूला काडतुसाचे घर असते. तिथे मला सरकवायचे. रेघ आत गेली तर घर लांब, नवे काडतूस चालेल. रेघ बाहेर राहिली तर घर आखूड, नव्या काडतुसाचे नावही काढायचे नाही. हो किंवा नाही, याशिवाय तिसरे बोलणे मला येत नाही. म्हणून माझे फार कुणाशी पटलेही नाही.

मला एका उस्तादाने लेथवर तीन दिवस खपून घडवले आणि आपल्या आवडत्या शिष्याच्या हाती दिले. तेच आमच्या बंदूक-दुरुस्तीच्या दुकानाचे मिस्त्री. तरुणपणी ते मला लावल्याशिवाय एकही बंदूक दुकानाबाहेर सोडत नसत. "याचा शब्द म्हणजे काळ्या दगडावरची रेघ," असे गिऱ्हाइकांना सांगत. ऐकून माझी छाती फुगायची.

पुढे मिस्त्रींचे नाव झाले, आणि नाव झाले की माणसाला मापाची गरज वाटेनाशी होते. "मला नुसत्या नजरेनं कळतं," असे ते म्हणू लागले. मी आधी कपाटात गेलो, मग खणात. सांगायला लाज वाटते, पण माझ्या मुठीने रंगाच्या डब्यांची झाकणे उचकटत. जाऊ दे. गेले ते दिवस.

खणातून मला बाहेर काढले सूनबाईंनी, म्हणजे मिस्त्रींच्या सुनेने. त्या आधी नुसत्या लाकडी दस्ते घासायला बसायच्या. चार वर्षांत नळीच्या आतला गंज इतका सफाईने काढू लागल्या की मिस्त्री पाठ फिरवून हसायचे. तोंडावर शाबासकी मात्र नाही!

एका गुरुवारी दातांचे डॉक्टर दुकानात आले. त्यांच्या पणजोबांची दुनळी सूनबाईंनी पाच महिने बसून दुरुस्त केली होती. नळ्या लोखंडाच्या पट्ट्या पिळून केलेल्या, त्यांवर लाटांसारखी नक्षी. रविवारी मैदानावर हवेत उडवलेल्या मातीच्या तबकड्या फोडायची स्पर्धा होती. डॉक्टरांचा मेहुणा तीन वर्षे पहिला येत होता आणि जेवायला बसला की दर वेळी ते ऐकवत होता. त्याला एकदा तरी गप्प करायचे, हा डॉक्टरांचा पण.

डॉक्टरांनी नव्या काडतुसांचा डबा उघडला आणि एक नळीत घातले. ते सुळकन आत गेले.

"बसलं की हो मिस्त्री!"

"बसणारच. रविवारी बिनधास्त बार काढा. माझा शब्द!"

"बाबा, जरा थांबा," सूनबाई म्हणाल्या. काडतूस काढून त्यांनी मला उजव्या नळीत सरकवले, मग डाव्या. मी माझे काम केले. दोन्हीकडे रेघ बाहेर राहिली.

"ही काडतुसं नाही चालणार."

मिस्त्री लालबुंद झाले. "गिऱ्हाइकासमोर माझा शब्द खाली पाडतेस? चाळीस वर्षं घालवलीत मी यात! तो गेज झिजलाय."

झिजलाय? मी? माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला. आणि खरे सांगतो, भीतीही वाटली. नव्या काडतुसाचा जोर आधीच जास्त. घर आखूड असले की तो आतच कोंडतो आणि जुनी नळी फाटते. त्या नळीखाली असतो डॉक्टरांचा डावा हात.

सूनबाई भांडत बसल्या नाहीत. त्यांनी तेच काडतूस घेतले, त्याचे दुमडलेले तोंड हलकेच उलगडले, आतले छर्रे आणि दारू बशीत काढून ठेवली. रिकामे नळकांडे सरळ करून पुन्हा बंदुकीत घातले. मघाशी सुळकन गेलेले ते आता शेवटाला अडकले. बिजागरीवर उघडलेली बंदूक मिटेना.

"बार उडाला की हे तोंड असंच उघडतं, बाबा. त्याला आत जागाच नाही. डॉक्टर, तुम्हीच सांगा, पेशंटनं तोंड मिटून घेतलं तर तुम्हाला काही कळतं का?"

डॉक्टरांनी आपला डावा हात गुपचूप खिशात घातला.

मिस्त्रींनी ते नळकांडे स्वतः तीनदा घालून पाहिले. तीनदा अडकले. ते मटकन स्टुलावर बसले. "मी शब्द दिला होता गं," एवढेच म्हणाले.

"मग तो पाळू या की! रविवारी बार निघेल. फक्त या बंदुकीला सोसेल असा."

मिस्त्रींनी उस्तादाची वही शोधून काढली. त्या काळच्या बंदुकांना काळी दारू किती, छर्रे किती, दोन्हींमधली चकती केवढी जाड, सारे तिच्यात लिहिलेले होते. मी नळीत जेवढा आत गेलो, त्या मापाने सूनबाईंनी कागदी नळकांडी आखूड कापली. मिस्त्रींनी दारू तोलली, चकत्या दाबल्या, तोंडे गोल वळवली. एकाने तोललेले दुसरा पुन्हा तोलायचा, आणि यात कुणालाच राग नव्हता. मग बंदूक जुन्या टायरला घट्ट बांधून दोघे भिंतीआड गेले आणि चापाला बांधलेली दोरी ओढली. असे वीस बार काढले. दर वेळी नळ्या तपासल्या. केसाएवढाही फरक पडला नव्हता.

रविवारी मी सूनबाईंच्या खिशात होतो. मेहुण्याने दहापैकी आठ तबकड्या फोडल्या आणि डॉक्टरांच्या हातातले काडतूस पाहून म्हणाला, "काय दाजी, एवढंसंच? फुसका बार निघायचा बरं का!"

डॉक्टरांची पहिली तबकडी हुकली. मेहुणा खो खो हसला. दुसऱ्या वेळी धाड्कन आवाज झाला आणि पांढऱ्या धुराचा हा मोठा लोट उठला. काळ्या दारूचा धूरच एवढा की काय झाले ते कुणाला दिसेना. सगळे माना उंच करून उभे. धूर विरला तेव्हा तुकडे खाली पडताना दिसले! तिसरी फुटली, चौथी फुटली. नववीपर्यंत एकही सुटली नाही. दहाव्या बाराला धूर हलायलाच तयार नाही. मी खिशात श्वास रोखून बसलो होतो. शेवटी पंचांनी हात वर केला. "फुटली!"

नऊ! अहो, काय तो जल्लोष! मेहुण्याने स्वतःच दाजींना खांद्यावर घेतले आणि मैदानभर नाचवले.

लोक मिस्त्रींभोवती जमले. "जादू आहे मिस्त्री तुमच्या हातात!"

मिस्त्री बाकावर चढले. इतक्या माणसांसमोर बोलायची त्यांना सवय नव्हती.

"जादू कसली? चुकीची काडतुसं घाला, असं मीच डॉक्टरांना सांगितलं होतं. ते ऐकलं असतं तर आज डॉक्टर इथे नसते, दवाखान्यात खाटेवर असते. मला अडवलं ते माझ्या सुनेनं. मी ओरडलो तरी ती हटली नाही. आजपासून आमच्या दुकानात शेवटचा शब्द तिचा."

सूनबाई चष्मा काढून पुसू लागल्या. बराच वेळ पुसत होत्या. मैदानावर त्या दिवशी दोनशे बार झाले असतील, पण मिस्त्रींच्या त्या बोलण्याएवढा मोठा एकही नव्हता.

मित्रांनो, जुन्या वस्तूला नुसते तेलपाणी करून भागत नाही. तिला काय झेपेल, ते आधी तिलाच विचारावे लागते. आणि तुमच्या भल्यासाठी कुणी "नाही" म्हणाले, तर त्याला झिजलेला म्हणू नका. आधी तपासून बघा.

बरे, आता मी निघतो. कपाटांत वर्षानुवर्षे पडलेल्या दुनळ्या घेऊन लोक दुकानासमोर रांगेत उभे आहेत, आणि सूनबाई मला शोधत आहेत.