क्षमेच्या रविवारी

साडेसहाला उठले. शेगडीतली राख उपसली, बर्चची चार लाकडं रचली, चहाचं पाणी ठेवलं. ब्लिनीच्या धिरड्यांसाठी रात्री भिजवलेलं पीठ फुगून पातेल्याच्या काठाशी आलं होतं. पहिली ब्लिनी तव्याला चिकटली, दुसरी नीट सुटली. उद्यापासून ईस्टरआधीचा मोठा उपास. म्हणून आज लोणी संपवायचं आणि एकमेकांची क्षमा मागायची; उत्तर ठरलेलं, 'देव क्षमा करील'.

आठला ग्लाफिरामावशी आल्या. बावीस वर्षं त्यांनी आमच्या शाळेच्या शेगड्या पेटवल्या. जानेवारीत ग्रंथालय जळालं आणि त्यांना काढून टाकलं. शाळेकडून मिळणारी लाकडंही बंद झाली.

त्या संध्याकाळी ग्रंथालयातल्या शेगडीचं दार उघडं टाकून गेले होते ती मी. आमच्या जुन्या रशियन कादंबऱ्यांतला गुन्हेगार शेवटी आपल्या पायांनी कबुली द्यायला जातो. त्यावरचे मुलांचे निबंध तपासत मी तिथे बसले होते. चौकशीत मला कुणी विचारलं नाही. मी बोलले नाही.

"क्षमा करा, बाई," मावशी कमरेत वाकल्या. "महिनाभर तुम्हाला मनात शिव्या घातल्या. एवढ्या शिकलेल्या, पण माझ्यासाठी एक शब्द नाही!"

"देव क्षमा करील. मावशी, तुम्हीच मला क्षमा करा. शेगडी मी उघडी ठेवली होती."

"देव करील हो! आज सगळं गावच गुन्हेगार. शेजारीण म्हणाली, तुझी कोंबडी माझ्यामुळे गेली. अगं, कोल्ह्यानं नेली ती!"

"खरंच सांगते. मीच."

"पुरे. पुस्तकं वाचून वाचून दुसऱ्याची पापंही अंगावर घेता तुम्ही. त्यापेक्षा वाढा, गार होतंय."

त्यांनी हातमोजे न काढताच तीन ब्लिनी खाल्ल्या. मी दोनदा तोंड उघडलं. पण माझ्यापाशी होते ते शब्द त्या दिवशी घरोघरी वाटले जात होते.

सोमवारी मी मुख्याध्यापकांना सगळं सांगितलं. त्यांनी उठून दार लावलं.

"आग्निया ल्वोवना, फाईल बंद झालीय. तुम्हाला काढलं तर दहावीला शिकवणार कोण? आणि म्हातारीला परत घेतील असं वाटतं तुम्हाला?"

त्यांचं बहुधा खरंच होतं.

शिक्षकांच्या खोलीत बसून मी त्या शेगडीबद्दल चार ओळी लिहिल्या, खाली पूर्ण नाव आणि तारीख घातली. बाहेरच्या फलकावर मावशींना काढल्याचा हुकूम अजून होता. त्याच्या शेजारी कागद टाचला आणि घंटा झाली तशी वर्गावर गेले.