पंधरा दिवसांची तुकडी

"आजोबा, हे काय आहे? चें... चें..."

सेवेसाठी आलेल्या नव्या मुलाने चेंडूचं चित्र मास्तरांच्या अगदी नाकासमोर धरलं होतं. मास्तरांनी चित्राकडे पाहिलं, मुलाकडे पाहिलं आणि तोंड भिंतीकडे फिरवलं.

"सिस्टर, यांना काहीच येत नाही का हो?" मुलाने दबक्या आवाजात विचारलं.

मोठ्या सिस्टर शेजारच्या खाटेवरच्या बाईंचा रक्तदाब घेत होत्या. दंडावरच्या पट्टीतली हवा सोडायचं त्यांना भानच राहिलं नाही.

"अहो, हात तोडताय का माझा?" बाई कळवळल्या.

काहीच येत नाही! सिस्टरांनी घाईने हवा सोडली.

मास्तर म्हणजे शिंपी. मेंदूतली रक्तवाहिनी तुंबली आणि उजवं अंग लुळं पडलं, त्याबरोबर बोलणंही गेलं. समजत सगळं होतं, शब्द तेवढे सापडत नव्हते. उपचार करणाऱ्या बाई आठवड्यातून एकदा येत. रोजचा सराव घ्यायला कुणी नव्हतं. नेमकी तेव्हाच तरुणांनी सेवेसाठी पुढे यावं म्हणून सरकारने काढलेली योजना रुग्णालयात आली आणि पहिल्या तुकडीत ती मुलगी आली. तिच्या तोंडाचा पट्टा असा काही चाले, की वॉर्डाने तिचं नाव 'रेडिओ' ठेवलं.

प्रशिक्षणात मिळालेली चित्रं तिने दुसऱ्याच दिवशी कपाटात टाकली. "जन्मभर कोट शिवले यांनी, आणि मी चेंडू दाखवू?" घरून फाटका सदरा आणून ती मास्तरांसमोर मुद्दाम वेडावाकडा शिवत बसे.

"मास्तर, सुईत काय ओवू? सुतळी?"

"दो... दोरा!"

"बघा तरी, कशी झालीय शिलाई?"

मास्तरांच्या मानेच्या शिरा ताणल्या. "भि... भिकार!"

अख्खा वॉर्ड हसला. सगळ्यात जास्त मास्तर.

दर रविवारी दूरच्या गावाहून त्यांच्या लेकीचा फोन येई. एका रविवारी मास्तरांनी फोनमध्ये विचारलं, "जे... जेवलीस?" पलीकडून नुसता हुंदका ऐकू आला.

त्यानंतर वरून विचारणा झाली, किती तरुणांना संधी दिलीत? किती रुग्ण बोलते झाले, हे कुणी विचारलं नाही. तोडगा सिस्टरांनीच काढला. दर पंधरा दिवसांनी नवी तुकडी. आकडा भराभर वाढला, साहेबांनी पाठ थोपटली. सिस्टरांनाही बरं वाटलं होतं, ते नाकारण्यात अर्थ नव्हता.

"मला राहू द्या ना, सिस्टर," रेडिओने विनवलं होतं. "प्रमाणपत्र नका देऊ हवं तर."

"नियम सगळ्यांना सारखा, बाळ."

नियम त्यांचाच. येणारा प्रत्येक जण प्रशिक्षणात सांगितल्याप्रमाणे पहिल्या चित्रापासून सुरुवात करी. मास्तर चेंडूवर येत, मांजरीपर्यंत पोचत, की माणूस बदले आणि पुन्हा चेंडू. हळूहळू त्यांनी बोलणंच सोडलं. गेल्या रविवारी लेक "बाबा, काहीतरी बोला ना" म्हणत राहिली, तेव्हा त्यांनी डाव्या हाताने फोन दूर सारला.

नव्या मुलाच्या प्रश्नानंतर सिस्टरांनी त्याच सकाळी साहेबांना गाठलं. एकच माणूस कायम ठेवू द्या म्हणाल्या. साहेब हसले. "कल्पना तुमचीच ना, सिस्टर? आता सगळीकडे तुमचाच कित्ता गिरवतात. मोडायचा कसा?"

मग सिस्टरांनी रेडिओला फोन लावला.

"मी मावशीकडे असते आता, सिस्टर. इकडे दुकानात काम लागलंय," ती म्हणाली. "मास्तर विचारतात का हो माझ्याबद्दल?"

"ते आता काहीच विचारत नाहीत गं."

"मी गेले म्हणून?"

"नाही. मी तुला घालवलं म्हणून."

दुपारी पाळी संपल्यावर सिस्टर घरी गेल्या नाहीत. मास्तरांच्या खाटेशी जाऊन उभ्या राहिल्या. एवढ्या वर्षांत रुग्णासमोर काय बोलावं हा प्रश्न त्यांना पडला नव्हता.

"मास्तर, ती मुलगी कंटाळून गेली नाही. राहते म्हणत होती. मी तिला काढलं. आकडा वाढावा म्हणून."

मास्तरांनी भिंतीकडचं तोंड वळवलं. ओठ हलले. "ती..." एवढंच आलं. पुढचा शब्द त्यांनी शोधला, पुन्हा शोधला आणि शेवटी डोळे मिटून घेतले.

सिस्टर खाली मान घालून निघणार, तेवढ्यात खाट करकरली. मास्तरांनी डाव्या हाताने आपल्या लुळ्या पायाचा पायजमा मुठीत धरला होता आणि तो पाय ते इंचाइंचाने भिंतीकडे ओढत होते. सिस्टरांचा हात सवयीने मदतीला पुढे झाला. त्यांनी तो आवरला. पाय भिंतीला टेकला. मोकळ्या झालेल्या जागेवरची चादर मास्तरांनी तळहाताने नीट केली आणि धापा टाकत सिस्टरांकडे पाहिलं.

सिस्टर बसल्या.