उजव्या पंखातील फट

वाचकहो, एका पक्ष्याची ओळख पटविण्याच्या कामी माझ्या हातून जी चूक घडली, ती प्रस्तुत लेखनात मी क्रमाक्रमाने निवेदन करणार आहे. पक्षी आकाशात उंच घिरट्या घालणारा होता आणि चूक कात्रीची होती. माझे शिक्षण सातवीपर्यंतचे आहे. तथापि जे सांगेन त्यात पदरचे काही घालणार नाही, याविषयी आपण निःशंक असावे.

गणवेश शिवणाऱ्या एका दुकानात मी गेली एकतीस वर्षे कापड बेततो. दुकानात सर्वजण मला कटरमास्तर म्हणतात. माझी पत्नी घरी बसून त्याच दुकानाची काजे करीत असे. आम्हांस मूलबाळ नाही. पाचव्या, म्हणजे सर्वांत वरच्या मजल्यावर आमच्या दोन खोल्या आहेत.

मागील वर्षी पत्नीच्या पाठीच्या कण्यात गाठ निघाली. डॉक्टरांनी तिला उताणे निजून राहण्यास सांगितले आणि मला बाहेर बोलावून, किती दिवस ते सांगता येत नाही, असेही सांगितले. मी तिची खाट खिडकीला लावली. उताण्या माणसाला त्या खिडकीतून रस्ता दिसत नाही, समोरची छपरेही दिसत नाहीत. दिसते ते तीन फूट रुंद आणि चार फूट उंच आभाळ. मी सकाळी नऊ वाजता जाई व सायंकाळी सात वाजता परत येई. दरम्यान शेजारच्या वहिनी तिचे खाणेपिणे बघत.

एके सायंकाळी मी चपला काढतो आहे तोच ती म्हणाली, "अहो, आज माझ्याकडे पाहुणा आला होता."

"कोण?"

"नाव नाही सांगितलं. वरून आला, वरूनच गेला. पंख न हलवता चार गिरक्या घेतल्या."

"घार असेल."

"घार मला कळत नाही होय? घारीच्या शेपटीला मधे खाच असते. याची शेपटी गोल आहे, लांब. डोकं मात्र एवढंसं, आणि मान पुढं काढून बघतो. तुमचे मालक दारातून बघतात ना, कोण उशिरा येतंय ते? अगदी तस्सा."

दुसऱ्या दिवशी अकराच्या सुमारास तो पुन्हा आला. तिसऱ्या दिवशीही आला. ऊन तापून हवा वर चढू लागली की असे पक्षी तिच्यावर तरंगतात, हे मला मागाहून समजले. त्या वेळी मी दुकानात असे. म्हणून मला तो कधी दिसला नाही.

"याचा काही तरी पत्ता लावा," ती म्हणाली. "दिवसाचा एवढा एकच तर येतो माझ्याकडे. नाव नाही कळलं तरी एक वेळ चालेल. पण रोज तोच येतो का, की येणारे-जाणारे वेगवेगळे आहेत, एवढं मला सांगा."

वाचकांनी हा प्रश्न ध्यानात ठेवावा. मी तो ठेवला नाही.

दुकानाच्या वाटेवर एक वाचनालय आहे. तेथील बाईंनी मला पक्ष्यांचे एक जाड पुस्तक काढून दिले. त्यात खालून दिसणाऱ्या पक्ष्यांच्या नुसत्या काळ्या आकृत्यांची दोन पाने होती. घार, गरुड, गिधाड, ससाणा असे सोळा पक्षी पंख पसरून ओळीने मांडलेले होते. ते पाहताच मला मोठा हुरूप आला. कारण आकृती उतरवून कापणे हे तर माझे रोजचेच काम.

दुपारच्या सुट्टीत मी खाकी कागद घेऊन बसलो. आमच्या कामाची रीत अशी: कागद मधोमध दुमडावा, घडीला लागून अर्धी आकृती आखावी, कापावी आणि मग उलगडावी. दोन्ही बाजू तंतोतंत सारख्या येतात. गणवेशाचे काम सारे असेच घडीवर चालते. दुकानातल्या इस्त्रीवाल्याने माझा पहिला पक्षी हातात धरून उलटासुलटा केला.

"मास्तर, हे कुणाचं माप? छाती काहीच नाही आणि बाह्या बघा केवढ्या!"

सायंकाळी दिवा लावून मी खाटेच्या पायथ्याशी स्टुलावर चढलो व कागद खिडकीच्या काचेवर धरला.

"हा सदरा झाला," ती म्हणाली. "कॉलर लावा आणि घाला उद्या."

मी दुसरा कापला. "याची मान कुठं गेली?" तिसरा पाहून ती एवढी हसली की तिला कळ आली, आणि हसू आवरायला मी तिचा हात धरून बसलो. ते आमचे चांगले दिवस होते. दुकानातून निघताना खिशात घडी घातलेला एक पक्षी असे आणि पाच जिने मी तरुणासारखा चढत असे.

नववा पक्षी मधुबाज होता. मधमाशांची पोळी फोडून आतल्या अळ्या खाणारा हा पक्षी कबुतरासारखे लहान डोके पुढे काढून उडतो, असे पुस्तकात लिहिले होते. मी कागद काचेवर धरला.

"हाच हो! हीच मान." मग बोट उजव्या पंखाकडे नेत म्हणाली, "पण नाही."

"आता काय राहिलं?"

"उजव्या पंखात फट हवी. टोकाकडून चौथं पीस नाही त्याला. बोटभर जागा रिकामी आहे, तिच्यातून आभाळ दिसतं. मी त्याला त्या फटीवरूनच ओळखते."

मी पुस्तक पुन्हा पाहिले. सोळाच्या सोळा पक्ष्यांचे दोन्ही पंख सारखे होते. वाचनालयातल्या बाईंना विचारावे, असे मनातही आले नाही. छापलेले समोर असताना विचारायचे काय, असे मला वाटले. घरी येऊन मी तिला समजावले. सुशिक्षित माणसे जशा सौम्य आवाजात समजावतात, तशाच आवाजात समजावले.

"अगं, पाखराचे दोन्ही पंख एकसारखेच असतात. फट कुठून येणार? डॉक्टर म्हणालेच होते, या गोळ्यांनी कधी कधी भास होतात."

"भास रोज त्याच जागी होतो?"

"भासच तो, कुठंही होईल."

"मग रोज तोच येतो, हेही..."

"पाखरं काय थोडी आहेत? आज एक, उद्या दुसरं."

हे बोलताना माझ्या आवाजात एक प्रकारचा विजय होता. ते कबूल करण्यावाचून गत्यंतर नाही. नऊ कागद कापून मी नाव शोधून आणले होते, आणि ती एका फटीसाठी ते नाकारीत होती.

तिने खिडकीवरची नजर काढून आढ्याला लावली. मग म्हणाली, "बरं झालं सांगितलंत. मी उगाच रोज अकराच्या आत वहिनींकडून वेणी घालून घेत होते."

मला वाटले ती थट्टा करते आहे, म्हणून मी हसलो.

"उद्या जाताना पडदा ओढून जा," ती म्हणाली. "ऊन डोळ्यांवर येतं."

अठरा दिवस मी पडदा ओढून कामावर गेलो. एकोणिसाव्या दिवशी दुपारी बाह्या बेतीत असता वहिनींचा निरोप आला. मी पोहोचलो तेव्हा पत्नीचे डोळे वहिनींनी मिटवले होते. तिच्या केसांचा गुंता झालेला होता.

पुढे काही दिवस मी दुकानात गेलो नाही. एके दिवशी वहिनी चहा घेऊन आल्या. अंधारात मला बसलेला पाहून म्हणाल्या, "भावजी, निदान पडदा तरी सारा." त्यांनीच तो सारला आणि त्या निघून गेल्या. मी रिकाम्या खाटेवर, तिच्या जागी, उताणा झालो. घड्याळात अकरा वाजून दहा मिनिटे झाली होती.

तो आला. खिडकीच्या डाव्या कडेने आला, मान पुढे काढून, पंख न हलवता. वळताना त्याचा उजवा पंख उन्हात उघडला, आणि चौथ्या पिसाच्या जागी बोटभर आभाळ होते.

मी उठलो नाही. त्याने चार गिरक्या घेतल्या आणि निघून गेला. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा आला, तोच.

मी वाचनालयात गेलो व बाईंना विचारले, पाखराच्या एकाच पंखात फट असू शकते काय. बाई म्हणाल्या, "का नाही? भांडणात वगैरे एखादं पीस उपटलं जातं. तिथं नवं उगवतं, पण दोन-तीन महिने लागतात. तोवर जाणकार माणसं त्या खुणेवरूनच एकेक पक्षी ओळखतात. खालून ती फट दिसली म्हणजे नजर फार बारीक हवी. तुमच्याकडे कुणी पाहिली?"

"माझ्या कुटुंबाने," मी म्हणालो.

"त्यांना घेऊन या ना एकदा."

मी मान हलविली आणि बाहेर आलो.

आता जे लिहितो, ते फक्त शिंप्यांनाच नीट कळेल. माझ्या पत्नीचा डावा खांदा उजव्याहून अर्धा इंच उतरता होता. लग्नानंतर पहिल्याच आठवड्यात मी ते हेरले होते. तेव्हापासून तिचे कपडे मी कधीही घडीवर कापले नाहीत. दोन्ही बाजू वेगवेगळ्या आखून कापीत असे. तिच्या कपड्याला खांद्यावर कधी चुणी पडली नाही, याबद्दल बायका तिला विचारीत आणि ती नुसती हसे. जिवंत अंगाच्या दोन बाजू सारख्या नसतात, हे मला असे तीस वर्षे ठाऊक होते. तिचा पक्षी मात्र मी नऊ वेळा घडीवर कापला.

त्या सायंकाळी मी दहावा कापला. कागद दुमडला नाही. डावा पंख आखला, मग उजवा आखला, आणि चौथ्या पिसाच्या जागी फट ठेवली. काचेवर धरला. 'हाच' म्हणायला खाटेवर कोणी नव्हते.

पुढे पाच आठवडे मी रोज अकरा वाजता घरी थांबत असे व दुकानात दुपारून जात असे. मी येताना दिसलो की मालक दारातून आत सरत. फटीत नवे पीस उगवत होते. आधी ते पावपट होते, मग अर्धे, मग इतरांहून किंचित आखूड. शेवटी एके दिवशी एक मधुबाज आला आणि त्याचे दोन्ही पंख पुस्तकातल्यासारखे एकसारखे होते.

आजही अकराच्या सुमारास कधी कधी एक पक्षी येतो. तो तोच आहे की दुसरा, हे आता मला सांगता येत नाही. जिला सांगता येत होते, तिला मी तो भास आहे असे सांगितले. दहावा कागद काचेला चिकटवलेला आहे. उन्हाने खाकी रंग उडू लागला आहे. फट मात्र जशीच्या तशी आहे, आणि तिच्यातून आभाळ दिसते.

एवढे लांबलेले निवेदन आपण शेवटपर्यंत वाचलेत, याबद्दल मी आपला अत्यंत आभारी आहे.

आपला नम्र,
कटरमास्तर