इस्ब्रांडच्या पवनचक्कीचा रविवार

इस्ब्रांड फ्रीजन सोमवारी पहाटे गेला, आणि बुधवार दुपारपर्यंत त्याच्या बायकोनं, आगानेथानं, एवढी कॉफी ओतली होती की तीत एखादी गाय सहज पोहली असती. श्टिलफेल्ट गावची रीत अशी, की मयताच्या घरानं पावाची कणीक मळायची आणि शेजारणींनी तिचे गोळे आपापल्या घरी भाजून आणायचे. एक्क्याऐंशी वर्षांच्या बाईनं दोन दिवस कणीक मळली होती. हात खांद्याला टांगून ठेवल्यासारखे वाटत होते. आणि गुरुवारी चर्चमध्ये वाचायचं इस्ब्रांडचं चरित्र अजून लिहून व्हायचं होतं.

जन्म, बाप्तिस्मा, लग्न, मुलं, आजार, शेवटचे शब्द, एवढं सगळं त्यात यावं लागतं. पापंसुद्धा. मेनोनाइट, म्हणजे या गावच्या ख्रिस्ती पंथाचा, माणूस कधी घसरून पडला असेल, तर कुठे पडला आणि कसा उठला हेही शवपेटीवर माती टाकण्याआधी सगळ्यांना वाचून दाखवतात.

लिहायला बसला होता तिच्या बहिणीचा मुलगा कॉर्नी, गावचा नवा उपदेशक. समोर शेजारचा म्हातारा डीड्रिक साखरेचा खडा दातात धरून कॉफी पीत होता आणि कुणी न विचारता साक्ष देत होता.

"त्याचं लोणी काढायचं यंत्र लिहिलंस का? पवनचक्कीला जोडलेलं? एका वादळात लोणी तर आलंच, पण वारा थांबेना. शेवटी लोण्याचं परत दूध व्हायला लागलं."

"डीड्रिककाका, हे चर्चमध्ये वाचायचंय."

"मग काय झालं? बटाटे काढायचं यंत्रही लिही. इतकं मन लावून खणायचं की कुंपणाखालून माझ्या शेतात आलं. माझे बटाटे काढून, पुसून, ओळीनं लावून गेलं."

आगानेथा हसली नाही. तिला हसायचं होतं, पण त्यालाही जोर लागतो. खरं तर इस्ब्रांड प्रत्येक यंत्र पहिल्यांदा सुरू करताना त्याच्यापुढे गुडघे टेकायचा. चाललं तर देवाची कल्पना म्हणायचा आणि मोडलं तर स्वतःची.

"मावशी, ऐक," कॉर्नी म्हणाला आणि वाचू लागला. "त्यांनी पवनचक्की उभारली, तेव्हा चर्चच्या मंडळीपुढे वचन दिलं की माझं यंत्रही रविवार पाळील, त्या दिवशी काम करणार नाही. एकोणीसशे अठ्ठावन्न साली त्यांनी ते वचन मोडलं, मंडळीपुढे कबूल केलं, आणि सात वर्षं प्रार्थनेत पुढे उभं राहून गाणं सांगण्याचा मान त्यांना मिळाला नाही."

आगानेथानं कॉफीचं भांडं खाली ठेवलं.

"ते खोडून टाक. खोटं आहे."

"मंडळीच्या वहीत आहे, मावशी."

"वहीतही खोटं आहे. त्या रविवारी चक्की मी सोडली होती."

मग तिनं उभ्यानंच सांगितलं, कारण बसली असती तर उठता आलं नसतं. त्या उन्हाळ्यात पाऊस नव्हता. शनिवारी वाऱ्यानं पान हललं नाही, चक्कीनं पाणी ओढलं नाही, टाकी कोरडी राहिली. संध्याकाळी इस्ब्रांडनं नेहमीप्रमाणे दांडा ओढला, चक्कीनं वाऱ्याकडे पाठ फिरवली, म्हणजे वारा आला तरी ती फिरणार नव्हती. रविवारी तो चर्चला गेला. ती तापलेल्या पोराला घेऊन घरी होती. दहा वाजता वारा सुटला. आणि गोठ्यात एकवीस जनावरं पाण्यासाठी हंबरत होती.

"मी दांडा सोडला. पाणी आल्यावर परत ओढणार होते, पण पोर उलट्या करायला लागलं. माणसं चर्चमधून परतली तेव्हा चक्की गरगर फिरत होती. तो घरात आला, माझं तोंड पाहिलं, आणि काही विचारलं नाही. पुढच्या रविवारी उभा राहून म्हणाला, मी सोडली."

एवढा गोड गळा होता त्याचा, आणि सात वर्षं तो शेवटच्या बाकावर बसून ओठांतल्या ओठांत गात होता. तिला ते दर रविवारी ऐकू यायचं.

कॉर्नीनं पेन खाली ठेवलं.

"मावशी, ही ओळ काढली तर दुसरी लिहावी लागेल. काका मंडळीपुढे खोटं बोलले म्हणून. रविवार मोडल्याची क्षमा त्यांना मिळाली होती. या खोट्याची त्यांनी मागितलीच नाही. मी कुठलं पाप त्यांच्याबरोबर पुरू, तू सांग."

मग डीड्रिकनं साखरेचा खडा चावला.

"त्या रविवारी चर्चला जाताना चक्कीचा दांडा ओढलेला होता," तो म्हणाला. "माझ्या गाडीतूनच आला होता इस्ब्रांड. वारा सुटला तेव्हा तो आमच्यापुढे उभा राहून सूर धरत होता. वहिनी, आम्ही काही आंधळे नव्हतो."

"म्हणजे तुला माहीत होतं?"

"मलाच नाही, सगळ्यांना."

"चाळीस वर्षं?"

"त्यानं दोष मागून घेतला, आम्ही देऊन टाकला. आजारी पोराच्या आईला मंडळीपुढे उभं करायचं सगळ्यांच्याच जिवावर आलं होतं."

तेव्हा आगानेथा बसली. चाळीस वर्षं तिनं बायकांच्या नजरा चुकवल्या होत्या, आणि त्या बायका तिचं लोणचं वाखाणून घरी जात होत्या. राग यायला हवा होता. आला नाही. फार दुरून चालत आल्यासारखं वाटलं, आणि घर पुढच्याच वळणावर होतं असं कुणीतरी आत्ता सांगितल्यासारखं.

"लिही, कॉर्नी. चक्की बायकोनं सोडली. नवरा तिच्यासाठी खोटं बोलला. मंडळीनं जाणूनबुजून ते मान्य केलं."

"सगळ्या मंडळीचं लिहू? मला काढून टाकतील."

"काढू देत. इस्ब्रांडला काढलं तेव्हा तो काही मेला नाही. आणि लिही की आगानेथा उद्या उभी राहील. पुढच्या रविवारचा मला भरवसा नाही."

"बाईमाणूस, अंत्यविधीत?"

"त्याच्यापुढे नको तर कुणापुढे?"

डीड्रिकनं कप पालथा घातला. "मग मीही उभा राहतो."

"तुझे गुडघे?"

"ते बसून तरी कुठे बरे आहेत?"

गुरुवारी कॉर्नीनं ती ओळ वाचली. आवाज चिरका झाला, पण वाचली. आगानेथा उभी राहिली, पलीकडे डीड्रिक बाकाला धरून. चर्चमध्ये नुसता वारा ऐकू येत होता. मग पुरुषांच्या बाजूला एक बाक करकरलं. मग बायकांच्या बाजूला, तिच्या अगदी मागे. मग आणखी कुठेतरी. किती जण उठले ते तिनं वळून पाहिलं नाही. मान वळवायचंही त्राण नव्हतं. कॉर्नी कागद धरून नुसताच बघत राहिला, पुढची ओळ विसरून.

"वाच बाबा पुढं," ती हळूच म्हणाली. "म्हातारी माणसं आहेत सगळी. पाय दुखतायत."