लाडू वाटणारी बाई

गणपतरावांनी 'विषय संपला' असं लिहिलं की आमच्या गटात विषय संपतो.

गट व्हॉट्सअ‍ॅपवरचा. नाव 'कुठलं हे, ओळखा'. कुणीतरी नागपूरचा जुना फोटो टाकायचा आणि ती जागा कुठली ते बाकीच्यांनी सांगायचं. सभासद बहुतेक निवृत्त. ज्यांना आपला चष्मा कुठं ठेवला ते आठवत नाही, ते लोक साठ सालच्या पानठेल्याचा कोपरा छातीठोकपणे सांगतात. माझी हयात वर्तमानपत्रात लोकांना चिमटे काढण्यात गेली. इथं मी फक्त वाचतो. एवढं चांगलं विनोदी साहित्य फुकट मिळत असताना आपण कशाला लिहायचं?

गणपतराव हे रस्त्यांचे निवृत्त इंजिनिअर. निम्मं शहर त्यांनी स्वतःच खोदून ठेवलेलं असल्यामुळे तिथं आधी काय होतं हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक असणार? जुन्या बाजारातून त्यांनी निगेटिव्हचा एक डबा आणला, घरी स्कॅनर घेतला आणि फोटो टाकायला सुरुवात केली. त्यातलाच हा एक.

अरुंद गल्ली. एका बाजूला लांब भिंत, तिच्यावर गोल गोल ठसे. मागं एक माडी आणि तिच्या उजव्या टोकाला, वरच्या मजल्यावर गोल खिडकी. समोर लुगडं नेसलेली तरुण बाई. पदर उजव्या खांद्यावर, उजवा हात डोक्याच्याही वर उचललेला, हातात एक गोळा. फोटो बराच तिरपा. आणि सगळ्यात मोठी अडचण म्हणजे कुठंही एक पाटी नाही. आजच्या नागपुरात पाटी किंवा फ्लेक्स नसलेला फोटो काढायचा तर आभाळाचाच काढावा लागेल.

गणपतरावांनी निकाल दिला : 'पदर उजव्या खांद्यावर, म्हणजे व्यापारी घराण्यातली हिंदी बोलणारी बाई. गोल खिडकीची माडी, म्हणजे इतवारी. भिंतीवर गोलाकार नक्षीकाम. हातात प्रसादाचा लाडू. फोटो तिरपा, कारण छायाचित्रकार चालत्या टांग्यात बसलेला होता. विषय संपला.'

अंगठ्यांचा पाऊस पडला. त्याखाली प्रेमिलाताईंचा एक संदेश आला.

'तो लाडू नाही. शेण आहे.'

मग एकानं सुप्रभात म्हणून गुलाबाचं फूल टाकलं. तेव्हा संध्याकाळ झालेली होती.

प्रेमिलाताई निवृत्त मुख्याध्यापिका. माझ्या सदरातल्या शुद्धलेखनाच्या चुका लाल शाईनं दुरुस्त करून त्या कात्रण मला परत पाठवायच्या, तेव्हापासूनची आमची ओळख. त्यांचा फोन आला.

"भाऊ, ती माझी आई आहे."

"नक्की?"

"तेच तर. नक्की म्हणता येऊन नाही राहिलं."

शाळेत आयुष्यभर छापील मराठी बोललेल्या बाई. त्यांच्या तोंडी ही बोली आली की समजायचं, गोष्ट आतली आहे.

त्यांची आई सगुणाबाई. वडील मिलमध्ये, आणि आई जुम्मा तलावाच्या मागच्या गल्लीत गवऱ्या थापून विकायची. प्रेमिलाताई चौथीत असताना ती गेली. तिचा एकही फोटो नाही. घरात भगवान बुद्ध आणि बाबासाहेबांच्या तसबिरींखाली वडिलांनी एक खिळा ठोकून ठेवला होता : सगुणेचा फोटो कुठं मिळालाच, तर त्यासाठी. वडील गेले. प्रेमिलाताईंनी तीन घरं बदलली आणि तिन्ही घरांत तो रिकामा खिळा ठोकला.

"तोंडावळा तिचाच आहे, भाऊ. उभं राहणं तिचं. पण आई डावखुरी होती. डाव्या हातानं गवरी अशी थापे का भिंत हाले. इथं ह्या बाईनं उजवा उचलला आहे. आमच्या गल्लीतल्या माडीलेही गोल खिडकी होती, पण ती डाव्या टोकाले. अन् आईचा पदर तर चारचौघींसारखा डाव्या खांद्यावर."

"मग ती नसेल," मी म्हणालो. धीर देण्याच्या कामात मी कधीच फारसा तयार नव्हतो.

"नसेल तर तसं नक्की सांगा ना कोणी! परक्या बाईले खिळ्यावर टांगून रोज फूल वाहू का मी?"

घाई होती, कारण गटातर्फे जुन्या नागपूरचं कॅलेंडर निघणार होतं. मजकूर सोमवारी छापायला जाणार. मार्च महिन्यावर हाच फोटो, आणि खाली ओळ : 'इतवारीतील प्रतिष्ठित घराण्यातील महिला प्रसादाचे लाडू वाटताना.' एकदा कॅलेंडर भिंतीवर लागलं की त्यातली तिथीसुद्धा कुणी तपासून पाहत नाही.

गटाची एक प्रथा आहे. वाद झाला की रविवारी सकाळी सगळ्यांनी त्या जागी जायचं, फोटो समोर धरून जागा जुळवायची आणि मग झणझणीत तर्री पोहे खायचे. तर्रीनंतर कुणाचाच आवाज निघत नसल्यामुळे वाद तिथंच मिटतो.

त्या रविवारी आम्ही इतवारीत उभे होतो. गणपतरावांनी दाखवलेल्या माडीला खरोखरच वरच्या मजल्यावर उजव्या टोकाला गोल खिडकी होती.

"बघा," गणपतराव म्हणाले.

"भिंत कुठं आहे?" मी विचारलं.

"रस्ता रुंदीकरणात गेली."

न जुळणारी प्रत्येक गोष्ट नागपुरात रस्ता रुंदीकरणात गेलेली असते. यावर अपील नाही.

"अन् नक्षीकाम?" प्रेमिलाताईंनी विचारलं. "गणपतराव, अशी नक्षी करायले पाच बोटं लागतात. ठशात बोटं दिसून राहिली. तुम्हाले काहून दिसून नाही राहिली?"

"ताई, भावना बाजूला ठेवा. खिडकी उजवीकडे, हात उजवा, पदर उजवा. तुमच्याकडे काय आहे?"

प्रेमिलाताईंनी फोटोची प्रत छातीशी धरली, म्हणाल्या, "जरा बसते," आणि समोरच्या साडीच्या दुकानाची पायरी चढल्या. मी मागोमाग गेलो. गुडघे माझेही आहेत.

दुकान ओमप्रकाशजींचं. इतवारीत त्यांची चौथी पिढी, आणि चौथ्या पिढीचं पोटही चौथ्या पिढीला शोभेलसं. साडीच्या दुकानात बाई बसली आणि तिच्यासमोर साडी उघडली गेली नाही, असं त्यांच्या घराण्यात घडलेलं नव्हतं.

"मले घ्यायची नाही," प्रेमिलाताई म्हणाल्या.

"किसने कहा लेना है? देखो तो सही, ताईजी." त्यांची नजर फोटोवर गेली. "ये कौन है?"

"बाहेरचे लोक म्हणतात, तुमच्याकडची कोणी बाई आहे. पदर उजव्या खांद्यावर आहे म्हणून."

ओमप्रकाशजींनी चष्मा वर केला. "हमारे यहां की? अरे राम राम. हमारा सीधा पल्ला पीछे से आगे आता है. ये तो आगे से पीछे गया है, वो भी दाहिने कंधे पर. ऐसा तो कोई नहीं पहनता, ताईजी. ना आपके यहां, ना हमारे यहां."

"मग हिनं काहून नेसलं असं?"

"उसको मालूम." एवढं बोलून त्यांनी सवयीनं एक जांभळी साडी प्रेमिलाताईंच्या खांद्यावर टाकली आणि त्यांना उभ्या आरशाकडं वळवलं. "अब देखो."

प्रेमिलाताईंनी पाहिलं. पाहत राहिल्या. मला वाटलं, साडी आवडली.

"भाऊ," त्या हळूच म्हणाल्या, "त्या आरशातल्या बाईचा पदर कोणत्या खांद्यावर आहे?"

"उजव्या," मी म्हणालो.

"अन् माझा?"

तो डाव्यावर होता. साठ वर्षं त्या रोज आरशासमोर उभ्या राहून पदर लावत आल्या होत्या, आणि आरशातली बाई साठ वर्षं तो उजव्या खांद्यावर घेत आली होती. त्यांनी जांभळी साडी तशीच अंगावर ठेवून फोटोची प्रत दोन्ही हातांनी उचलली आणि तोंडासमोर नाही, आरशासमोर धरली.

आरशात बाईचा पदर डाव्या खांद्यावर आला. गोल खिडकी सरकून माडीच्या डाव्या टोकाला गेली. आणि शेणाचा गोळा घेतलेला हात झाला डावा.

प्रेमिलाताईंच्या तोंडून जो शब्द फुटला तो मुख्याध्यापिकेचा नव्हता, चौथीतल्या मुलीचा होता.

"माय!"

त्या हाकेनं बाहेरचा सगळा गट आत आला. दुकानात पाय ठेवायला जागा उरली नाही, आणि ओमप्रकाशजी चहा सांगू की साड्या उघडू अशा पेचात पडले. प्रत्येकानं आलटून पालटून आरशात पाहिलं. गणपतराव शेवटी आले. त्यांनी फोटो पाहिला, आरसा पाहिला, परत फोटो पाहिला. रस्ता खोदल्यावर भलतीच पाइपलाइन निघावी तसा त्यांचा चेहरा झाला.

"निगेटिव्ह," ते म्हणाले. "स्कॅनरमध्ये पालथी पडली माझ्याकडून. पाटी असती तर अक्षरं उलटी दिसून लगेच लक्षात आलं असतं."

"तिले दोन बाजू असतात?" कुणीतरी विचारलं.

"असतात." आणि जरा थांबून, "मी धरून सगळ्यांनाच असतात." असं वाक्य मला चाळीस वर्षांत सुचलं नव्हतं. ते प्रेमिलाताईंकडं वळले. "ताई, पण आता नुसत्या आरशावर नको. तुमची गल्ली दाखवा. जुळवायचं तर जागेवर जुळवू."

हरल्यावरही जागा तपासायचीच, ही गोष्ट मात्र त्या माणसात अस्सल होती. आम्ही ऑटो केले. पोहे राहिले. गटाच्या इतिहासात पोहे प्रथमच राहिले.

तलावामागच्या गल्लीत गोठे नव्हते, म्हशी नव्हत्या. भिंत मात्र होती. तिच्यावर आता कोचिंग क्लासच्या जाहिराती होत्या. नक्षीकाम बदललं होतं, इतकंच. भिंतीच्या टोकाला माडीही होती. पण तिच्या वरच्या मजल्याच्या डाव्या टोकावर खोलीएवढा फ्लेक्स होता. त्यावर गॉगल लावलेला एक तरुण, भोवती लहान लहान गोलांत त्याचे मित्र, आणि मजकूर : 'पिंटूभाऊंना वाढदिवसाच्या कोटी कोटी शुभेच्छा.'

खिडकी असेल तर पिंटूभाऊंच्या गॉगलमागं होती.

आम्ही सगळे वर बघत उभे राहिलो. फ्लेक्सविरुद्ध मी शेकड्यानं लेख लिहिले आहेत. प्रत्यक्ष फ्लेक्सला हात लावायची वेळ आली तेव्हा मला मागच्या रांगेत चांगली जागा मिळाली. तेवढ्यात माडीच्या दारातून स्वतः पिंटूभाऊ बाहेर आले. गॉगल नव्हता, बनियन होतं.

"काय झालं काका? काय पाहून राहिले? महापालिकेचे आहात का?"

"नाही रे बाबा," प्रेमिलाताई पुढं झाल्या. "तुझ्या फोटोमागं गोल खिडकी आहे का?"

"आहे ना. बंदच असते. काहून?"

त्यांनी त्याला फोटो दाखवला. हा उलटा आहे, हे सांगितलं. ही माझी आई, हेही सांगितलं, आणि या वेळी त्यात 'असावी' नव्हतं. पिंटूभाऊंनी फोटो पाहिला, फ्लेक्स पाहिला.

"आईसाठी पाहिजे म्हणता?" ते म्हणाले. "मग कायले विचारता, आजी?"

ते गच्चीवर गेले, दोऱ्या सोडल्या, आणि पिंटूभाऊ मित्रमंडळासह स्वतःच्याच हातून खाली कोसळले. मागं, माडीच्या डाव्या टोकाला, गोल खिडकी होती. लाकडाची चौकट, वरच्या बाजूला एक फळी तुटलेली. गणपतरावांनी फोटो मोठा करून पाहिला. तीच फळी फोटोतही तुटलेलीच होती.

टाळ्या वाजल्या, शिट्ट्या वाजल्या. गल्लीतल्या दारांतून माणसं बाहेर आली आणि काय झालं ते न विचारताच त्यांनीही टाळ्या वाजवल्या. आमच्या गल्ल्यांची ही जुनी चांगली सवय आहे.

"गणपतराव," प्रेमिलाताई म्हणाल्या, "लिहा. सगुणाबाई, गवऱ्या थापताना, जुम्मा तलावामागची गल्ली."

"लिहिलं."

"लाडू खोडला?"

"खोडला, ताई."

"विषय संपला," प्रेमिलाताई म्हणाल्या. पण तो संपला नव्हता. त्यांना त्याच जागी स्वतःचा फोटो हवा होता. त्या भिंतीपाशी जाऊन मागं-पुढं सरकल्या आणि खिडकी बरोबर खांद्यावर आली तिथं थांबल्या. हातातल्या इतवारीवाल्या प्रतीचा त्यांनी चोळामोळा करून घट्ट गोळा केला आणि डावा हात डोक्याच्या वर नेला.

गणपतराव समोर मोबाइल धरून उभे होते. त्यांनी स्क्रीनवरच्या बाईंकडं पाहिलं, फोटोतल्या बाईची आठवण केली, आणि त्यांच्या तोंडाचा रंग हळूहळू बदलला.

"ताई," ते म्हणाले, "तुमच्या आई त्या भिंतीकडं पाहत नव्हत्या हो. त्या फोटो काढणाऱ्याकडं पाहत होत्या."

"होय तर! न विचारता फोटो काढतो म्हणजे काय?" प्रेमिलाताई म्हणाल्या, आणि गोळा सुटला.

गणपतराव एका अंगाला वाकले. त्याच क्षणी बटण दाबलं गेलं.

सगुणाबाई आता खिळ्यावर आहेत, सरळ बाजूनं. त्यांच्या शेजारी दुसरा खिळा ठोकून लेकीचा फोटो लावला आहे. पाहायला जाल तेव्हा दोन्ही तसबिरी सरळ करायला जाऊ नका. भिंतीवर त्या अगदी सरळ आहेत. तिरपे आतले फोटो आहेत, आणि दोन्ही एकाच बाजूला.