तिच्या उत्तराची वाट

मार्चमध्ये शाळेच्या मैदानावर पडून कशिशचं मनगट मोडलं, आणि शाळेत ते कुणालाच कळलं नाही. ती उठली, फ्रॉक झटकला, वर्गात जाऊन बाकावर बसली आणि दुखरा हात मांडीवर धरून शाळा सुटेपर्यंत तशीच राहिली. बाईंना सांगितलं नाही, शेजारच्या मुलीला सांगितलं नाही. घरात पाऊल टाकल्यावर मात्र "अम्मी, हात" एवढंच म्हणून तिनं असा हंबरडा फोडला, की मेहक शिलाई मशीनवरून धडपडतच उठली.

आठ वर्षांची कशिश घरात भरपूर बोलायची. दादीशी भांडायची, अब्बांच्या चालीची नक्कल करायची, जाहिराती तोंडपाठ म्हणून दाखवायची. दाराबाहेर पडली की तोंड मिटायचं. शाळेतल्या बाईंनी तिचा आवाज कधी ऐकलाच नव्हता. आधी त्यांनी तिला लाजाळू म्हटलं, मग हट्टी म्हटलं, आणि शेवटी तिला काही विचारायचंच सोडून दिलं.

प्लास्टर घालून रिक्षानं घरी येताना मेहकनं ठरवलं, हे असं चालू द्यायचं नाही.

"मोठी झाली की बोलंल," सासू बिबीजान म्हणाल्या. "तिचा बाप दिलदार तरी कुठं लवकर बोलला? आता गप म्हटलं तर गप बसत न्हाय."

"अम्मा, त्यांचा हात मोडला असता तर त्यांनी अख्खी गल्ली गोळा केली असती."



मुलांच्या एका सुट्टीतल्या शिबिराबद्दल मेहकला प्लास्टर कापणाऱ्या डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. रंकाळ्याजवळच्या एका शाळेत, सुट्टीत रिकाम्या पडलेल्या वर्गांमध्ये, इरावती नावाच्या बाई दर मे महिन्यात मुलं जमवायच्या. कुणाला मित्र जोडता येत नाहीत, कुणी हरलं की मारामारीवर येतं, कुणी बाहेर बोलतच नाही. अशी मुलं आणि आसपासच्या गल्लीतली साधी खेळकर मुलं, सगळी एकत्र. रोज सकाळी खेळ, गप्पा, थोडं चित्रकाम.

मे महिना म्हणजे मेहकच्या कामाचे दिवस. शाळेचे गणवेश शिवायला तिच्याकडे ढिगानं यायचे. कापड दुकानदार गणपतरावांना तिनं सांगून टाकलं, "सकाळी मशीन बंद राहणार. दुपारनंतर होईल तेवढंच घेते."

"ऐन सीझनात? मग दुसऱ्याला द्यावं लागंल की."

"द्या," मेहक म्हणाली.

पहिल्या दिवशी इरावतीताई फरशीवर बसूनच भेटल्या. पन्नाशीच्या, जाड चष्म्याच्या. त्यांनी दोन रंगीत फडकी पुढं ठेवली आणि कशिशकडे न बघता, फडक्यांकडेच बघत विचारलं, "कुठलं घेणार? निळं का लाल?"

"निळं, ताई. तिला निळंच आवडतं," मेहक म्हणाली.

इरावतीताई हसल्या. "मी तुम्हाला नव्हतं विचारलं."

मेहकला कानकोंडं झालं. इरावतीताई फडक्यांकडे बघत थांबल्या. मेहकच्या जिभेवर शब्द नुसते वळवळत होते. शेवटी कशिशचं बोट हळूच पुढं आलं आणि लाल फडक्यावर टेकलं.

"लाल," इरावतीताई म्हणाल्या. "बांध डोक्याला."

मेहक बघतच राहिली. पोरीला लाल हवं होतं!

नंतर व्हरांड्यात इरावतीताईंनी तिला समजावलं. "ती हट्टानं गप्प नाही. बाहेरच्या माणसासमोर भीतीनं तिचा गळाच धरला जातो. 'बोल की, बोल की' म्हटलं की तो आणखी आवळतो. आणि तुम्ही तिच्या वतीनं बोललात, की तिला वाटतं सुटले. म्हणजे बोलायचं कारणच उरत नाही. विचारायचं आणि थांबायचं. बोट दाखवलं, मान हलवली, तेही उत्तरच. एवढंच करा. जमेल?"

"जमवीन," मेहक म्हणाली. तिला वाटलं, एवढंच ना!

पण ते महाकठीण निघालं. दुकानात, जिन्यात, बसमध्ये कुणी कशिशला काही विचारलं, की उत्तर मेहकच्या तोंडून आधीच सुटून गेलेलं असायचं. तिनं ओढणीचं टोक दातात धरायची सवय लावून घेतली. घरी बिबीजान होत्याच. शेजारीण दारातून "काय गं, जेवलीस का?" म्हणाली, की आतल्या खोलीतून बिबीजान ओरडायच्या, "जेवली, जेवली!"

शिबिरात पालकांना आत प्रवेश नव्हता. मैदानाच्या कडेला पत्र्याच्या शेडमध्ये बसायचं. तिथूनच मेहकनं वर्षाराणीला पाहिलं. पाहिलं म्हणण्यापेक्षा ऐकलं. ती गडहिंग्लजहून सुट्टीला मामीकडे आलेली पोर होती आणि तिला एसटीचं वेड होतं. कुठली गाडी कधी सुटते, कुठं थांबते, हे ती येईल त्याला ऐकवायची, समोरचा ऐकतोय का याची पर्वा न करता, आणि तेही तिकडच्या पोरींच्या रीतीनं, मुलग्यासारखं बोलत. "राधानगरीची गाडी फुल्ल भरून जाती बघ. मी मोठा झालो की कंडक्टर हुणार!" बाकीच्या मुलांनी तिचं नाव भोंगा पाडलं होतं. ती आली की सगळी पांगायची.

कशिश पांगली नाही. कशिशला बोलावं लागत नव्हतं आणि वर्षाराणीला ऐकणारं कुणीतरी हवं होतं. दोघी व्हरांड्याच्या पायरीवर बसून कागदाच्या बस करू लागल्या. एके दिवशी घरी कशिशनं दादीला विचारलं, "दादी, गारगोटीला जायला निपाणीवरून जातात का राधानगरी रस्त्यानं?" बिबीजान चाट पडल्या.

मेहकला बरं वाटू लागलं. जरा जास्तच. आता लेक बोलणारच, अशी तिची खात्री झाली, आणि त्या खात्रीनंच घात केला.

कागलला मेहकच्या चुलतबहिणीचं लग्न होतं. मांडवात बायकांच्या घोळक्यात एका काकीनं कशिशची हनुवटी धरली. "किती गोड गं! नाव काय तुझं?"

"कशि—" बिबीजाननी तोंड उघडलं.

"थांबा, अम्मा," मेहक मोठ्यानं म्हणाली. "तिला सांगू द्या. ती सांगेल."

सगळ्या बायका वळल्या. काकी वाकून बघत राहिली. कुणीतरी म्हणालं, "सांग की बाळ." दुसरी म्हणाली, "लाजती व्हय?" तिसरीनं हळू, पण ऐकू जाईल असं विचारलं, "मुकी हाय काय?" मेहक हटली नाही. तिला वाटलं, आता येईल, आता येईल. कशिशनं डोळे घट्ट मिटले. ओठ पांढरे पडले. आणि मग ती मेहकचा हात झटकून बिबीजानच्या कुशीत शिरली.

त्या दिवशी ती जेवली नाही. घरी आल्यावरही बोलली नाही. दुसऱ्या दिवशी नाही, तिसऱ्या दिवशी नाही. दादीशी भांडण नाही, अब्बांची नक्कल नाही. 

"होतं तेवढंबी गेलं," बिबीजान रडायला लागल्या. "बंद करा ते शिबिर. पोरगी हसत होती, खेळत होती. तिला चार लोकांत उघडी पाडली."

दिलदार शिरोलीच्या कारखान्यात लेथवर काम करायचा. शांत माणूस नव्हता, पण त्या दिवशी शांतपणे म्हणाला, "अम्मा म्हणती ते बरोबर हाय. पुरे आता."

 मेहकनं चप्पल घातली आणि एकटीच इरावतीताईंकडे गेली. झालं ते सगळं, काहीही न लपवता, सांगितलं.

"मीच चुकले ना?"

"चुकलात," इरावतीताई म्हणाल्या. "थांबणं वेगळं आणि कोंडीत पकडणं वेगळं. थांबायचं ते तिच्यासाठी. त्या मांडवात तुम्ही थांबलात ते तुमच्यासाठी. चार बायकांना दाखवायचं होतं तुम्हाला."

मेहकला ते लागलं, कारण ते खरं होतं. ती म्हणाली, "आता काय करू ते सांगा. सोडायचं सोडून काहीही सांगा."

"तिला सांगा, चूक माझी होती. परत असं करणार नाही म्हणा. आणि उद्या घेऊन या. यायचं का नाही, ते तिलाच ठरवू द्या."

घरी येऊन मेहक कशिशजवळ जमिनीवर बसली. "मांडवात मी तुला त्रास दिला. परत तसं करणार नाही. उद्या शिबिराला जायचं का? नसेल जायचं तरी मी रागावणार नाही." एवढं बोलून ती गप्प झाली. स्वयंपाकघरात कुकरची शिट्टी झाली, गल्लीतून भाजीवाला ओरडत गेला. कशिश उठली, खुंटीवरचं लाल फडकं काढलं आणि आपल्या पिशवीत ठेवलं.

दिलदार दारात उभा राहून बघत होता. मेहक त्याच्याकडे वळली. "ती जाणार म्हणते. तुम्हाला बंद करायचं असेल तर आधी एकदा येऊन बघा. न बघता बंद करायचं नाही."

सोमवारी कारखान्याला सुट्टी होती. दिलदार आला. शेडमध्ये अवघडून बसला, सारखा मनगटावरचं घड्याळ बघत होता.

मैदानात लगोरी चालली होती. मुलं रांगेनं पुढं यायची, चेंडू मारायची. विजयसिंह नावाचा उंच पोरगा चेंडू वाटत होता. मुलांना सांभाळणारी कॉलेजची मुलगी पाण्याचं पिंप बघायला गेली होती. वर्षाराणीची पाळी आली आणि विजयसिंहनं सरळ तिच्या मागच्या मुलाकडे चेंडू टाकला. "भोंगा नको. ती नुसती बोलती, खेळत कुठं?" दोघंतिघं हसले.

मेहकला वाटलं, आता ही पोर मैदान डोक्यावर घेणार. पण वर्षाराणी एक शब्द बोलली नाही. तिचं तोंड उघडंच राहिलं, आणि डोळे भरून आले.

रांगेत तिच्या मागं तिसरी कशिश होती. ती रांगेतून बाहेर आली.

"तिचा डाव राहिलाय."

आवाज इतका बारीक, की पोरांच्या गलक्यात कुणी ऐकलाच नाही. रांगेलगतच्या शेडमधून मेहकनं ऐकला. दिलदारनंही ऐकला असावा, कारण तो ताडकन उठला. "ए पोरांनो..." एवढंच त्याच्या तोंडून निघालं, आणि मेहकनं त्याचा हात घट्ट धरला.

"बसा."

"अगं, ती बोलतीय! कुणी ऐकत न्हाय!"

"बसा म्हणते ना. तिचं तिला करू द्या."

खरं तर तिलाच वाटत होतं, धावत जावं, त्या विजयसिंहचा कान धरावा, सगळ्यांना ओरडून सांगावं: ऐका, माझी लेक बोलतेय! ओढणीचं टोक दातात होतं, ते तिनं आणखी चावलं.

कशिशनं शेडकडं पाहिलंही नाही. तिनं पुढं होऊन त्या मुलाच्या पायाशी पडलेल्या चेंडूवर पाय ठेवला. "वर्षाराणीचा डाव राहिलाय," ती म्हणाली, आणि या वेळी आवाज घोगरा, ओबडधोबड, पण चांगला मोठा निघाला. "आधी तिचा. मग बाकीच्यांचा."

विजयसिंह गोंधळला. कुणी हिला कधी बोलताना ऐकलंच नव्हतं. "बरं, बरं," तो म्हणाला. "घे म्हणावं."

वर्षाराणीनं चेंडू घेतला, डोळे पुसले, जोर लावून मारला. चेंडू लगोरीपासून कुठल्या कुठं गेला आणि व्हरांड्यातल्या बादलीत पडला. सगळी पोरं हसली, ती स्वतःही हसली. खेळ पुढं चालू झाला. कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत, कुणी कौतुक केलं नाही. इरावतीताई व्हरांड्यात उभ्या होत्या. त्यांनी नुसता बादलीतला चेंडू काढून परत फेकला.

 दिलदारनं रुमालानं तोंड पुसलं आणि म्हणाला, "आवाज केवढा जाडा हाय गं तिचा. घरात असा लागत न्हाय."

घरी जाताना दोघांनीही त्या गोष्टीचा विषय काढला नाही. कशिशच म्हणाली, "अब्बा, वर्षाराणीचा नेम लईच वाईट हाय."

शिबिर संपेपर्यंत कशिश वर्षाराणीशी बोलू लागली, आणखी दोन मुलींशी, आणि इरावतीताईंशी कानात. कॉलेजच्या मुलींशी नाही, विजयसिंहशी तर मुळीच नाही. मेहकनं जास्त मागितलं नाही. बिबीजान अजून म्हणायच्या, बोलणार होतीच ती. पण शेजारणीनं दारातून काही विचारलं, की आता त्या तोंडात पानाचा तुकडा टाकून गप्प राहायच्या.

जूनमध्ये शाळा उघडली. यंदाचा वर्ग त्र्यंबक सरांकडे होता. मेहक पहिल्याच दिवशी त्यांच्यापुढं उभी राहिली. शाळेतल्या माणसांपुढं ती कधी एवढं बोलली नव्हती. "सर, कशिशला प्रश्न विचारा. रोज एक. सगळ्यांसमोर उभं करू नका, तिच्या बाकाजवळ जाऊन विचारा, आणि थोडं थांबा. उत्तर नाही आलं तर रागावू नका. पण विचारायचं सोडू नका."

"वर्ग भरलेला असतो हो, ताई. एकेकासाठी किती थांबणार?"

"मी रोज येऊन आठवण करीन."

सरांनी तिच्याकडे नीट पाहिलं. मग ते कशिशजवळ गेले, वाकले आणि विचारलं, "सुट्टीत काय केलंस?" ते थांबले. कशिश बाकाच्या कडेकडे बघत राहिली. उत्तर आलं नाही. मेहकचे ओठ हललेदेखील नाहीत.

"असू दे," सर म्हणाले. "उद्या परत विचारतो."

मेहक दुसऱ्या दिवशी आली, तिसऱ्या दिवशी आली. त्यानंतर यायची गरज पडली नाही, सर आपणहून विचारत होते. जुलैच्या पावसात एकदा त्यांनीच तिला फाटकाशी थांबवलं.

"आज बोलली. हळूच, पण पूर्ण वाक्य. लगोरी खेळलो म्हणाली."

मेहकनं मान डोलावली. छत्री मिटून ती पायऱ्या चढली आणि तिनं शिपाईमामांना विचारलं, "खेळाच्या बाई कुठं बसतात? त्यांनाही सांगायचंय, कशिशला रोज एक प्रश्न विचारा."