तोंडाचा पट्टा, दंडाचा पट्टा

न्हाव्याच्या तोंडाचा पट्टा एकदा सुरू झाला की थांबायचं नाव घेत नसे. गल्लीने त्याचं नावच ‘रेडिओ’ ठेवलं होतं आणि त्याला ते मनापासून आवडायचं. अशा माणसाने दिवसातून दहा वेळा पाच-पाच मिनिटं गप्प बसायचं म्हणजे शिक्षाच, पण ती त्याने आपण होऊन ओढवून घेतली होती.

झालं असं, की वर्षभरात गल्लीतले तीन धडधाकट पुरुष लकव्याने आडवे झाले. तिघांनाही प्रेशर होतं आणि एकालाही त्याचा पत्ता नव्हता. मग समोरच्या शिंपीणबाईने सगळ्यांना गोळा केलं. “बायका बाळंतपणाला तरी दवाखान्याची पायरी चढतात. हे पुरुष कुठे जातात? न्हाव्याकडे!” ती म्हणाली. झालं, प्रेशर मोजायचं मशीन न्हाव्याच्या दुकानात आलं. ते कसं वापरायचं हे दवाखान्यातल्या नर्सबाईने शिकवलं, पण नियम गल्लीने ठरवले. दंडाला पट्टा बांधण्याआधी गिऱ्हाइकाने पाच मिनिटं शांत बसायचं आणि न्हाव्यानेही चकार शब्द काढायचा नाही. आकडा वहीत लिहायचा. तो फार वर गेला, तर त्याच दिवशी दवाखाना. तेही एकट्याने नाही, वहीतल्या पुढच्या नंबरच्या माणसाने सोबत जायचं.

तीन महिन्यांत वहीत दोनशेवर नावं झाली. पण न्हाव्याचा थोरला भाऊ, बसचा ड्रायव्हर, तेव्हापासून दुकानाकडे फिरकला नव्हता. केस कानांवर आले तरी नाही. आज सकाळी वहिनीचा फोन आला, “भाऊजी, आज पाठवतेय त्यांना. केसांच्या निमित्ताने बसवा आणि मोजा.”

तेव्हापासून न्हाव्याच्या जिवाला चैन नव्हती. त्यांचे वडील याच दुकानात, हातात वस्तरा असताना, बोलता बोलता खाली कोसळले होते. वाक्य अर्धंच राहिलं. दादा थेट वडिलांवर गेलेला, तीच जाड मान, तोच नाकावरचा राग. न्हाव्याने धुतलेले कंगवे पुन्हा धुतले. दाराकडे बघता बघता एका गिऱ्हाइकाचा कल्ला आखूड झाला, मग दुसराही करावा लागला.

“आज रेडिओला खरखर आहे,” गिऱ्हाईक कुरकुरत गेलं.

साडेअकराला दादा आला आणि खुर्चीत धपकन बसला. “आधी केस.”

“आधी पट्टा. पाच मिनिटं बोलायचं नाही.”

“हे तू मला सांगतोस?”

न्हाव्याने घड्याळाकडे बोट दाखवलं आणि तोंड मिटलं. दादाला काही उद्योग नव्हता, म्हणून त्याने आरशापुढची वही उचलली. मागून पुढे पानं उलटत तो पहिल्या पानावर पोचला आणि तिथेच थांबला. वही हिसकावून घ्यावी, काहीतरी फालतू विनोद करावा असं न्हाव्याला फार वाटलं. पण नियम त्यालाही होता. तो कात्री हवेत कचकच वाजवत राहिला.

दादाचा आकडा आला एकशे सव्वीस, ऐंशी. न्हाव्याने पुन्हा मोजलं, तोच आला. त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. “दादा, तू तर ठणठणीत आहेस!”

“ते राहू दे. नंबर एकला तुझं नाव आहे. पुढे आकडा कुठाय?”

“पहिल्या दिवशी आपल्या दोघांची नावं लिहिली होती. मुहूर्त म्हणून.”

“नंबर दोन आता भरला. बस इथे.”

“मला काय धाड भरलीय? दिवसभर उभा असतो मी.”

“बाबाही उभेच असायचे,” दादा म्हणाला.

न्हावी आपल्याच खुर्चीत बसला. त्याचा पाय हलत होता, दादाने गुडघ्यावर हात ठेवून तो थांबवला. ती पाच मिनिटं काही केल्या सरेनात. दुकान बंद करताना रोज त्याने स्वतःच्या दंडाला पट्टा बांधला होता आणि बटण न दाबताच सोडला होता. दादाची काळजी खरीच होती, पण तिच्याआड तो स्वतः लपला होता. हे त्याला आता कळलं आणि लाज वाटली.

दादाने पट्टा बांधून बटण दाबलं. एकशे ब्याऐंशी, एकशे आठ. पुन्हा मोजलं, फरक नाही.

“मशीन बिघडलंय,” तो म्हणाला. हेच वाक्य गिऱ्हाइकांच्या नकला करत त्याने तीन महिने गल्लीला हसवलं होतं. आता कुणी हसलं नाही.

दादाने पहिल्या ओळीत आकडा लिहिला आणि अर्धं शटर ओढलं. “पुढच्या नंबरच्या माणसाने सोबत जायचं ना? दोन नंबरवाला मीच. ऊठ.”

“तुझे केस?”

“तीन महिने थांबलेत, अजून थांबतील.”

दोघं रस्त्याला लागले. शिंपीणबाईने दारातून बघितलं. दवाखान्याच्या वळणापर्यंत न्हावी मुकाट चालत राहिला. तिथे दादाने त्याचा दंड घट्ट पकडला.

“पट्टा सुटलाय ना आता?” त्याचा आवाज कापत होता. “मग बोल की रे काहीतरी. थांबू नकोस.”